पुठ्ठ्याचं मिश्कान : आधी वर्गणी, मग कात्री

'तेरूमा' हा पाराशा (तोरेचा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाचा, आठवड्याचा वाचनभाग) शिकवताना मिश्कानची, म्हणजे वाळवंटातल्या तंबूवजा पवित्र स्थानाची, प्रतिकृती करायची, तर 1 हात = 1 सें.मी. हे प्रमाण सोयीचं. अंगण 100 × 50 सें.मी. होतं आणि साध्या टेबलावर मावतं.

सामान कसं गोळा करता, यावर निम्मा धडा अवलंबून आहे. तोरेत दोन प्रकारचं देणं आहे. सोनं, सूत, कातडी हे ज्याला मनापासून वाटेल त्याने, वाटेल तेवढं आणायचं. अर्धा शेकेल (शेकेल हे चांदीचं वजन) मात्र सक्तीचा : श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. त्याच चांदीतून पायाच्या 100 बैठका ओतल्या. 48 फळ्यांच्या 96 आणि पारोखेतच्या (आतल्या पडद्याच्या) खांबांच्या 4. म्हणून या बैठकांसाठी 7 मि.मी.चे चंदेरी चौकोनी मणी सगळ्या मुलांकडून सारखेच घ्या; 20 मुलं असतील तर प्रत्येकी 5. कापड, रंगीत दोरे, सोनेरी कागद यांची सक्ती नको, कोणी काय आणलं याची यादीही नको. पुरेसं झालं की 'आता आणू नका' असं स्पष्ट सांगा. मोशेनेही छावणीत तशी दवंडी दिली होती, आणि आमच्या मते मुलांना हा भाग आवर्जून वाचून दाखवावा.

फळी 1.5 सें.मी. रुंद, 1 सें.मी. जाड. खोक्याच्या पुठ्ठ्याचे थर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. उंची 9.3 सें.मी. कापा, खाली शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन मण्यांसकट 10 होईल. दक्षिणेला 20, उत्तरेला 20, पश्चिमेला 8. मणी 8 मि.मी.चे घेतलेत तर भिंत 30 ऐवजी 32 सें.मी. होते आणि पुढची सगळी मापं बिघडतात.

सर्वाधिक चूक पश्चिमेला होते. 8 फळ्यांचे 12 सें.मी. पाहून आतली रुंदीही 12 धरली जाते. आत 10 च हवेत. कडेच्या फळ्या बाजूच्या भिंतींची जाडी झाकतात. तोरेत जाडी दिलेली नाही, एक हात हे राशी या मध्ययुगीन भाष्यकारांनी दिलेलं माप आहे.

लिननचं आच्छादन 40 × 28, त्यावर बकरीच्या केसांचं 44 × 30. पहिल्याचे दोन भाग जिथे जोडले जातात, तिथल्या हुकांच्या बरोबर खाली पारोखेत टांगा. सिनेगॉगमध्ये तोरेच्या कपाटापुढे असतो त्या पडद्यालाही हेच नाव आहे, हे मुलांना लगेच पटतं.

मेनोराचं (सात दिव्यांच्या दीपवृक्षाचं) माप तोरा देत नाही. जाड सोनेरी पत्र्याच्या एकाच तुकड्यातून सातही शाखा काढा, जोड नको. मूळ मेनोराही अखंड सोन्यातून ठोकून घडवली होती.

कोश (कराराची पवित्र पेटी) 2.5 × 1.5 × 1.5. सोनेरी कागद आतूनही लावा. झाकण बसल्यावर तो दिसणार नाही, तरी आज्ञा आतून-बाहेरून मढवण्याची आहे. दांडे कड्यांत घालून कायमचे चिकटवा. ते कधीच काढायचे नसतात.