इमर्जन्सीत राहून रुग्णसुरक्षेवर संशोधन: निधी, मार्गदर्शक आणि माझी चार महिन्यांची वही

गेल्या आठवड्यात आमच्याकडची दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट नाइट संपवून थेट माझ्या खोलीत आली. "मॅडम, मला मेडिकेशन एररवर, औषध देण्यातल्या चुकांवर, काम करायचंय, नोंदी सुरूपण केल्यात," म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. मी तिला वही आधी बंद करायला लावली, मग चहा मागवला. त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. थेसिस, एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मान्यता देणारी समिती), बीसीबीआरचा म्हणजे संशोधनपद्धतीचा कोर्स हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

रुग्णसुरक्षेचा हा विषय मला एका सकाळी सापडला. आठ वाजलेले, ड्यूटी बदलायची वेळ. नाइटचा रेसिडेंट ईसीजीच्या कागदामागे खरडलेल्या यादीवरून भराभर सांगत होता. चार नंबरला डीकेए (अनियंत्रित मधुमेहातली गंभीर अवस्था), सलाइन चालू, इन्सुलिन चालू, स्टेबल. पोटॅशियमचा रिपोर्ट लॅबमधून यायचाय हे तो सांगणार, तेवढ्यात दारात अपघाताचा पेशंट आला आणि सगळे तिकडे धावले. वाक्य तिथेच राहिलं. साडेदहाला सिस्टरनी स्वतःहून लॅबला फोन लावला, तेव्हा कळलं: पोटॅशियम 2.8, धोकादायक कमी. ते आणखी खाली नेणारं इन्सुलिन तोवर चालूच होतं. पेशंट वाचला. मला मात्र कितीतरी रात्री तो ईसीजीचा कागद दिसत राहिला. त्या खोलीत निष्काळजी कुणीच नव्हतं. निरोप पोहोचवायची पद्धतच कच्ची होती.

तुमच्या मनात असं एखादं चित्र असेल, तर विषय तुमच्याकडे आहे. त्यावर काम करायला जागाही भरपूर आहे. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या 1999 च्या प्रसिद्ध अहवालाने टाळता येण्याजोग्या चुकांमुळे रुग्णालयांत दरवर्षी 44 हजार ते 98 हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला आणि तिथे हा विषय उभा राहिला. हँडओव्हरवरचा, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवण्यावरचा, आय-पासचा अभ्यास 2014 चा. नऊ रुग्णालयांत ठरावीक पद्धतीने हँडओव्हर द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या. पण तो बालरोग विभागांतला अभ्यास. आपल्या कॅज्युअल्टीत एका खाटेवर दोन पेशंट, सोबत आठ नातेवाईक आणि दारात एमएलसीसाठी (पोलिसांत नोंद करायच्या केससाठी) थांबलेला हवालदार असतो. तिथे काय लागू पडतं हे आपल्यालाच शोधावं लागणार. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे वेगळी शाखा म्हणून मान्यताच 2009 मध्ये मिळाली. म्हणजे तुम्ही उशिरा आलेले नाही.

आता वहीकडे येते.

2022 मध्ये मी सहायक प्राध्यापक म्हणून नवीन होते. आयसीएमआरकडे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे) निधीसाठी अर्ज करायचा तर हातात प्राथमिक माहिती हवी, एवढं कळत होतं. मी हँडओव्हरच्या वेळी कोपऱ्यात उभी राहून नोंदी घेऊ लागले. कोणी सांगितलं, कोणी ऐकलं, काय सुटलं, कुठलं इंजेक्शन दुसऱ्याकडून तपासून न घेता दिलं. खाटेचा नंबर, वेळ, नावाची आद्याक्षरं. चार महिने. एथिक्स कमिटीकडे गेले नाही, कारण आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मी स्वतः वाचलं होतं की संस्थेतल्या गुणवत्ता तपासणीच्या ऑडिटला परीक्षणातून सूट मिळू शकते. माझं काम गुणवत्तेचंच होतं. मी तेवढंच वाचलं आणि पान उलटलं.

चूक नेमकी इथे झाली, म्हणून जरा लांबण लावते. सूट आहे हे खरं. पण सूट लागू होते की नाही, हे ठरवायचा अधिकार कमिटीचा आहे, तुमचा नाही. कागद कमिटीकडे गेलाच पाहिजे. ती बघेल आणि सांगेल: सूट, जलद परीक्षण, की पूर्ण बैठक. ते उत्तर लेखी आणि तारखेसह हातात येईपर्यंत एकही ओळ लिहायची नाही. कमिटी मागच्या तारखेपासून परवानगी देत नाही. विनवण्या करून देत नाही, ओळखीने देत नाही, आणि देऊही नये.

माझ्या अर्जावर पहिलाच प्रश्न आला: प्राथमिक माहितीसाठीच्या एथिक्स मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. चार महिन्यांचं काम अर्जातून काढावं लागलं आणि उरलेला अर्ज टिकला नाही.

अर्ज गेला त्याचं दुःख ओसरलं. दुसरी गोष्ट नाही ओसरली. मधल्या काळात रुग्णालयाचं मूल्यांकन आलं. क्वालिटीच्या ऑफिसातून निरोप आला, "मॅडम, तुमचं क्वालिटीचंच काम आहे ना, मग वही द्या." कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? संशोधन आहे असं मी कुठेच नोंदवलं नव्हतं. वही दिली. दोन आठवड्यांनी आमच्या एका सिस्टरना मेमो मिळाला: हाय अलर्ट (चुकलं तर जिवावर बेतणारं) औषध दुसऱ्याकडून न तपासता दिलं. तारीख आणि वेळ माझ्या वहीतली होती. ज्यांनी त्या सकाळी लॅबला फोन लावला होता, त्याच या सिस्टर. मी माफी मागायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कोपऱ्यात लिहीत असायचात, मला वाटायचं रेसिडेंट्सचं लिहिताय. विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं, रात्री दोघींमध्ये चौदा पेशंट असतात तेव्हा दुसरी तपासणारी आणायची कुठून."

ते "कुठून" हाच माझा संशोधनाचा प्रश्न असायला हवा होता. चार महिने कोपऱ्यात उभी राहूनही मला तो दिसला नव्हता.

तेव्हा हे नीट समजून घ्या. रुग्णसुरक्षेच्या अभ्यासात तुम्ही बहुतेक वेळा पेशंटचा अभ्यास करतच नसता. तुम्ही सिस्टरांचा, इंटर्नचा, रेसिडेंटचा अभ्यास करत असता. संशोधनातले सहभागी तेच. आणि ते तुमच्या हाताखाली आहेत. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठ-कनिष्ठ नात्यातली माणसं असुरक्षित गटात धरली आहेत, कारण मॅडमनी विचारल्यावर नाही म्हणायची सोय त्यांना नसते. म्हणून त्यांची संमती तुम्ही स्वतः घ्यायची नाही. ज्याच्या हातात त्यांचं रोस्टर, रजा किंवा मार्क नाहीत, अशा माणसाने घ्यायची. अमेरिकेत 2005 च्या कायद्याने चुकांच्या ठरावीक अहवालांना न्यायालयीन कामातही संरक्षण दिलं आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. तुमची वही मागितली जाऊ शकते, हे धरूनच वही आखा. नाव नको, आद्याक्षरंही नकोत. तारखेऐवजी आठवडा आणि शिफ्ट लिहा. कुठला संकेत कुणाचा याची यादी ठेवायचीच असेल, तर ती विभागाबाहेरच्या सहसंशोधकाच्या कुलपात ठेवा. सुरुवातीलाच अधिष्ठात्यांकडून किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडून सहीचं पत्र घ्या की या नोंदी शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरल्या जाणार नाहीत. ते पत्र प्रोटोकॉलला, म्हणजे संशोधनाच्या लेखी आराखड्याला, जोडा. आणि डोळ्यांसमोर चुकीचं इंजेक्शन भरलं जात असेल तर तुम्ही काय कराल, हेही प्रोटोकॉलमध्ये लिहा. उत्तर एकच आहे: नोंद थांबवायची, हात धरायचा. कमिटीतले वकील किंवा समाजातले सदस्य हा प्रश्न विचारतातच. तो विचारला जाणं चांगलंच आहे.

ज्यांनी माझ्यासारखी वही आधीच भरली आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. त्या नोंदी संशोधन म्हणून गेल्या, हे मान्य करा. पण केस पेपर, ड्रग चार्ट, हँडओव्हर रजिस्टर हे रुग्णालयाचे नित्याचे कागद आहेत. नवी परवानगी मागून, संमतीतून सवलत मागून त्यांचा मागे जाऊन अभ्यास करता येतो. माझा दुसरा अर्ज त्यावरच उभा राहिला.

निधीचं बोलायचं तर आपल्या कुवतीची पायरी ओळखून चढा. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप). 1979 पासून चालू असलेली, दोन महिन्यांच्या कामाची योजना. प्रश्न लहान ठेवला तर अर्ज कसा लिहितात हे शिकायला याहून चांगली जागा नाही. एमडीला असाल तर थेसिससाठी आयसीएमआरचं सहाय्य बघा. नोकरीत कायम असाल तर आयसीएमआरचं एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना मिळणारं अनुदान. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी आरोग्य संशोधन विभागाची वेगळी फेलोशिप आहे. माझ्या दोन मैत्रिणी तिच्याबद्दल ऐकूनही अर्ज करायला लाजल्या, याची मला अजून हळहळ वाटते. मोठी झेप म्हणजे इंडिया अलायन्सची क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याची फेलोशिप, पाच वर्षांची. तिथे पैशाइतकीच किंमत मार्गदर्शनाला आणि तुमच्या संस्थेने दिलेल्या शब्दाला असते. पुण्यात आयसीएमआरची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, भोसरीला पूर्वीची नारी (एड्स संशोधन संस्था) आहे, म्हणून काही नवखे तिथे ओळख काढायला जातात. त्या विषाणू आणि एड्सवर काम करणाऱ्या संस्था आहेत आणि अर्ज ऑनलाइन जातात. तो वेळ प्रोटोकॉलवर घालवा.

अमेरिकेकडे डोळे लावून बसू नका. तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या केझिरोएट (K08) प्रकारच्या पुरस्कारांबद्दल वाचलं की जीव हरखतो, कारण त्यात 75 टक्के वेळ संशोधनाला राखून ठेवावा लागतो. पण ते तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. आपल्यासारख्या देशांतल्यांसाठी त्याच एनआयएचच्या फोगार्टी केंद्राचा केफोर्टीथ्री (K43) आहे. त्यात एक मार्गदर्शक तिथला आणि एक इथला लागतो. तोही कुठल्याही परदेशी निधीसारखा आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीतून जातो. खासगी ट्रस्टचं कॉलेज असेल तर एफसीआरए (परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का हे अर्ज भरण्याआधी अकाउंट्समध्ये जाऊन विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच उतरतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दोन कॉलेजांनी मिळून करायचा प्रकल्प या एका नियमावर अडतो. शिवाय 2025 च्या मे महिन्यात एनआयएचने परदेशी उप-अनुदानांची (तिथल्या ग्रँटमधून परदेशी संस्थेला वाटा देण्याची) जुनी पद्धत थांबवली. म्हणून तिथले प्राध्यापक "मी माझ्या ग्रँटमधून देतो" म्हणाले, तर त्यांचे आभार माना आणि इथला अर्जही भरा.

वेळेबद्दल कडक बोलते. विभागप्रमुखांनी सही केलेल्या "संशोधनासाठी आठवड्यातून दोन दिवस" या पत्राला, सूचना फलकावर लागलेल्या रोस्टरमध्ये तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव दिसेपर्यंत काही अर्थ नाही. पालखी पुण्यात मुक्कामाला आली, विसर्जनाची रात्र आली की पहिला कापला जातो तो संशोधनाचा दिवस. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, माणसंच कमी असतात. योजनेचे नियम परवानगी देत असतील तर बजेटमध्ये यंत्र कमी मागा आणि एक माणूस मागा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. ज्यांच्या नावामागे पदव्यांची रांग आहे आणि हाताखाली दहा विद्यार्थी आहेत, ते तुम्हाला सही देतील, वेळ देणार नाहीत. मला तारलं ते पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) एका सरांनी. ते माझ्या टेबलाशी बसून कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलने खुणा करायचे. "घटनांची नोंद वाढली म्हणजे चुका वाढल्या असं नाही, लोक सांगायला लागले असंही असेल, हे तू कसं वेगळं करणार?" हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर माझा दुसरा अर्जही पडला असता. दुसऱ्या मार्गदर्शक नर्सिंग कॉलेजच्या मॅडम. रुग्णसुरक्षेवर काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक तरी मार्गदर्शक नर्सिंगमधला असलाच पाहिजे, असं मी आता कुणालाही सांगते. औषध प्रत्यक्ष देणारा हात त्यांचा असतो.

कॉलेजच्या आसपास "थेसिस आणि स्टॅटिस्टिक्स करून मिळेल" म्हणणारे भेटतील. नका जाऊ. प्रमोशनला पेपर लागतात हे मलाही कळतं. पण ज्या आकड्यांवरून उद्या कुणीतरी इन्सुलिनची पद्धत बदलेल, ते आकडे कुठून आले हे तुम्हाला माहीत नसणं भयंकर आहे.

गेल्या आठवड्यातल्या त्या रेसिडेंट मुलीने वही माझ्याच टेबलावर ठेवली आणि प्रोटोकॉल लिहायला घेतला. तुम्हीही घेत असाल तर एक करा. आधी कमिटीच्या सदस्य-सचिवांना भेटून पुढच्या दोन बैठकांच्या तारखा लिहून घ्या. कोरमला किमान पाच जण लागतात. कोर्टाचं काम निघून वकील आले नाहीत की बैठक पुढे जाते. आमची तशी दोनदा गेली. अर्जाच्या शेवटच्या तारखेतून तीन महिने मागे मोजा, त्याआधीच्या बैठकीला कागद ठेवा आणि आवक रजिस्टरचा शिक्का मारलेली प्रत स्वतःच्या फाइलला लावा. सिस्टरांना भेटायचं ते मान्यतेचं पत्र आल्यावर, ड्यूटी नसलेल्या वेळी, आणि संमतीपत्र मराठीतून.