रुग्णालयातील संगणकप्रणाली एकमेकींशी जोडताना: प्रयोगशाळेपासून सुरुवात कशी करावी

ठाणे आणि नवी मुंबईतील शंभर-दीडशे खाटांच्या बहुतेक रुग्णालयांत संगणकीकरण एका वेळी झालेले नसते. नोंदणी आणि बिलिंगची प्रणाली सर्वांत जुनी असते, प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर दुसऱ्या व्हेंडरचे असते, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवणारी पॅक्स प्रणाली यंत्राबरोबर आलेली असते आणि औषधांचा साठा आणखी कुठे तरी नोंदवला जातो. यांतील प्रत्येक प्रणाली आपापले काम नीट करते. अडचण येते ती दोन प्रणालींच्या मधल्या जागेत, जिथे एखादी सिस्टर किंवा तंत्रज्ञ एका पडद्यावरचा आकडा वाचून दुसऱ्या पडद्यावर टाइप करते. अशा रुग्णालयाच्या आयटी विभागात नव्याने रुजू झालेल्या आणि हे काम अंगावर आलेल्या व्यक्तीने ते कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे.

पहिली जोडणी प्रयोगशाळेची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथून दिवसभर आकडे बाहेर पडत असतात, त्या आकड्यांवर वॉर्डातील उपचार ठरतात आणि हाताने उतरवताना झालेली चूक थेट रुग्णाला भोवते.

आधी मालकी ठरवावी

केबल टाकण्यापूर्वी किंवा व्हेंडरला फोन करण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. डाव्या बाजूला माहितीचे घटक लिहावेत: रुग्णाचे नाव, जन्मतारीख, लिंग, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, खाट, चाचणीची मागणी, चाचणीचा दर, सॅम्पलचा बारकोड, निकालाचे मूल्य, एकक, संदर्भ मर्यादा. प्रत्येक घटकासमोर एकाच प्रणालीचे नाव लिहावे. तो घटक बदलण्याचा अधिकार त्या प्रणालीला असेल आणि इतर सर्व प्रणाली त्याची केवळ प्रत ठेवतील. नाव आणि जन्मतारीख नोंदणी प्रणालीची, बारकोड, मूल्य आणि एकक प्रयोगशाळेचे, दर बिलिंगचा, असे ठरले की पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला नावात चूक दिसली तर त्याने ती आपल्या पडद्यावर दुरुस्त न करता नोंदणी विभागाला कळवावी, आणि ही दुरुस्ती तिथून सर्वत्र पोहोचावी. हा तक्ता वैद्यकीय अधीक्षकांकडून आणि प्रयोगशाळाप्रमुखांकडून सहीनिशी मंजूर करून घ्यावा, कारण यातील बहुतेक निर्णय आयटी विभागाचे नसतातच.

तक्ता भरताना खुर्चीत बसून अंदाज बांधू नये. नोंदणी खिडकी, सॅम्पल घेण्याची जागा, प्रयोगशाळा आणि वॉर्ड या वाटेने स्वतः चालत जावे. संगणक बंद पडल्यावर काय करता, असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. त्याच्या उत्तरादाखल जी वही समोर येते, तिच्यातले रकाने म्हणजे त्या विभागाची खरी गरज असते.

रुग्ण कोण, हे निश्चित करावे

संदेशांचे स्वरूप बहुतांश जगभर ठरलेले आहे. रुग्णाची ओळख मात्र आपल्यालाच सोडवावी लागते, म्हणून येथे अधिक वेळ द्यावा. आपल्याकडे एकच व्यक्ती आधार कार्डावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने असते, जुन्या शिधापत्रिकेवर आडनाव आधी असते आणि विमा कंपनीच्या कार्डावर मधले नाव गळालेले असते. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलू शकतात, आणि तिची पाच वर्षांपूर्वीची नोंद माहेरच्या नावाने पडलेली असते. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातील चार जणांची नोंदणी असणे ही तर नेहमीची गोष्ट आहे.

त्यामुळे नावासाठी एकच लांब रकाना न ठेवता आडनाव, नाव आणि मधले नाव असे तीन रकाने ठेवावेत. एचएल सेव्हन (वैद्यकीय प्रणालींमधील संदेशांचे जगभर वापरले जाणारे मानक) संदेशातील पीआयडी या रुग्णाच्या माहितीच्या ओळीचा पाचवा रकानाही याच क्रमाने भरला जातो. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘बेबी ऑफ’ यांसारखे शब्द नावात मिसळू देऊ नयेत. नवी नोंद करण्यापूर्वी मोबाइल क्रमांक, पहिले नाव आणि जन्मवर्ष यांवर शोध घेण्याची सक्ती पडद्यावरच करावी. रुग्णाने ‘पंचावन्न-साठ असेल’ असे वय सांगितले, तर १ जानेवारी ही खोटी जन्मतारीख गुपचूप भरू नये. एचएल सेव्हनमध्ये केवळ वर्षही पाठवता येते. प्राप्त प्रणालीला पूर्ण तारीखच हवी असेल, तर ती अंदाजे असल्याची खूण सोबत ठेवावी.

दुसरा प्रसंग आपत्कालीन विभागाचा. घोडबंदर रस्त्यावर किंवा सायन–पनवेल महामार्गावर अपघात होऊन बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाची ‘अनोळखी’ म्हणून नोंद होते, रक्ततपासण्या त्या तात्पुरत्या क्रमांकावर होतात आणि नातेवाईक आल्यावर असे लक्षात येते की त्याची जुनी नोंद येथेच आहे. अशा वेळी दोन नोंदी एकत्र करण्याचा संदेश, म्हणजे एडीटी ए४०, सर्व प्रणालींना जावा लागतो. नोंदणी प्रणालीत नोंदी एकत्र झाल्या आणि प्रयोगशाळेत किंवा पॅक्समध्ये त्या वेगळ्याच राहिल्या, तर नव्या क्रमांकाखाली शोधणाऱ्या डॉक्टरांना जुने अहवाल दिसणारच नाहीत. प्रत्येक व्हेंडरकडून हा संदेश स्वीकारला जातो का, हे लेखी विचारावे आणि नंतर समोर बसून करून पाहावे.

संदेशांचा प्रवास

प्रयोगशाळेत दोन वेगळ्या जोडण्या असतात. पहिली विश्लेषक यंत्र आणि प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर यांच्यामधली; तिथे अनेक यंत्रे आजही एएसटीएम या प्रयोगशाळेतील यंत्रांसाठीच्या जुन्या मानक पद्धतीने, कधी सिरियल केबलवरून तर कधी नेटवर्कवरून बोलतात. यंत्र केवळ निकाल पाठवते की नळीवरील बारकोड वाचून ‘या सॅम्पलवर कोणत्या चाचण्या करायच्या’ असेही विचारते, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे दुतर्फा, जोडणी मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण तंत्रज्ञाने यंत्रावर चाचण्या हाताने निवडण्याची पायरी तिच्यामुळे संपते.

दुसरी जोडणी प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर आणि रुग्णालयाची मुख्य प्रणाली यांच्यामधली. येथे एचएल सेव्हनची दुसरी आवृत्ती सर्वत्र रूढ आहे; हे मानक बनवणारी त्याच नावाची संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली, आणि या आवृत्तीचे उभ्या रेघांनी रकाने पाडलेले संदेश आजही बहुतेक सर्व प्रणालींना कळतात. ओपीडीतील नोंदणी ए०४, भरती ए०१, माहितीतील बदल ए०८ आणि डिस्चार्ज ए०३ या संदेशांनी कळवला जातो; चाचणीची मागणी ओआरएम ओ०१ मधून जाते आणि निकाल ओआरयू आर०१ मधून परत येतो. प्रत्येक संदेशाला पोचपावती मिळते: ‘एए’ म्हणजे स्वीकारला, ‘एई’ म्हणजे त्रुटी, ‘एआर’ म्हणजे नाकारला. काही प्रणाली संदेश हाती येताच, तो रुग्णाच्या नोंदीत जमा होण्यापूर्वीच, ‘एए’ पाठवून मोकळ्या होतात. म्हणून पोचपावती नेमकी कोणत्या टप्प्यावर दिली जाते, हे व्हेंडरकडून जाणून घ्यावे.

निकालाची प्रत्येक ओळ ओबीएक्स या नावाने सुरू होते. तिच्या तिसऱ्या रकान्यात चाचणीचा संकेतांक, पाचव्यात मूल्य, सहाव्यात एकक, सातव्यात संदर्भ मर्यादा आणि अकराव्यात निकालाची स्थिती असते: ‘पी’ प्राथमिक, ‘एफ’ अंतिम, ‘सी’ दुरुस्त. ही ओळ प्लेटलेटच्या उदाहरणावरून पाहू. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णाचा निकाल यंत्राने ४८ असा दिला. एकक आहे ‘हजार प्रति मायक्रोलिटर’, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. आपल्या डॉक्टरांना प्लेटलेट लाखांत वाचण्याची सवय असल्याने मुख्य प्रणालीत त्या चाचणीपुढे ‘लाख’ हे एकक आणि १.५ ते ४.५ ही मर्यादा कायमची नोंदवलेली असते. मुख्य प्रणालीने संदेशातून केवळ पाचवा रकाना उचलला आणि सहावा व सातवा सोडून दिला, तर पडद्यावर ‘४८ लाख’ दिसेल, आणि धोकादायकरीत्या कमी असलेल्या निकालावर ‘जास्त’ अशी खूण उमटेल. हा आकडा अशक्य असल्यामुळे कोणाच्या तरी लक्षात येईल. ग्लुकोज किंवा क्रिएटिनिनच्या एककातील गफलत तितकी सहज दिसणार नाही. म्हणून मूल्य, एकक आणि मर्यादा ही तिन्ही संदेशातूनच एकत्र घ्यावीत आणि एककाचे रूपांतर करायचेच असेल तर ते प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच ठिकाणी करावे. मालकीच्या तक्त्यात एकक प्रयोगशाळेकडे दिले आहे, ते याचसाठी.

चाचण्यांच्या स्थानिक संकेतांकांसोबत लॉइंक संकेतांकही, म्हणजे प्रत्येक चाचणीला जगभर ओळखले जाणारे सामाईक क्रमांक, सुरुवातीलाच नोंदवावेत. हिमोग्लोबिनचा ७१८-७ आणि स्वयंचलित मोजणीतील प्लेटलेटचा ७७७-३ आहे. हे काम प्रयोगशाळेतील अनुभवी तंत्रज्ञासोबत बसून करावे. नमुना रक्ताचा की लघवीचा, पद्धत कोणती, यांवरून संकेतांक बदलतो आणि केवळ चाचणीचे नाव पाहून तो निवडता येत नाही.

मधला दुवा आणि नेटवर्क

प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येक प्रणालीशी थेट जोडत गेल्यास पाच प्रणालींसाठी दहा जोडण्या होतात. त्याऐवजी मध्ये इंटिग्रेशन इंजिन ठेवावे, जे संदेश घेते, गरजेनुसार त्याचे रूप बदलते, पुढे पाठवते आणि समोरची प्रणाली बंद असल्यास तो रांगेत जपून ठेवते. मिर्थ कनेक्ट हे नाव या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. मात्र त्याची ४.६ आणि पुढील आवृत्ती सशुल्क परवान्यावर आहे, हे खर्चाचा अंदाज देताना विसरू नये.

मुख्य प्रणाली क्लाउडवर असेल, अगदी महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असली तरी, इंजिन रुग्णालयाच्या आवारातच ठेवावे. रस्ता खोदताना फायबर तुटला तरी निकाल रांगेत सुरक्षित राहतात आणि जोडणी परत आल्यावर क्रमाने पुढे जातात. विश्लेषक यंत्रांसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, करावे आणि तिथून इंटरनेट पूर्ण बंद ठेवावे, कारण यंत्राला जोडलेल्या संगणकावरील विंडोज बऱ्याचदा जुनी असते आणि ती अद्ययावत करण्याची परवानगी यंत्राचा उत्पादक देत नाही. एचएल सेव्हनचे संदेश मुळात उघडे जातात, त्यामुळे दोन शाखांमधील वाहतूक व्हीपीएनमधूनच व्हावी. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच टाइम सर्व्हरशी जुळवावीत. वीज जाऊन आल्यावर एखाद्या यंत्राची तारीख मागे गेली, तर सॅम्पल घेण्यापूर्वीच निकाल लागल्याचे दिसते आणि काही प्रणाली असा निकाल नाकारतात.

चाचणी

चाचणीसाठी काल्पनिक रुग्ण वापरावेत. खऱ्या रुग्णांची माहिती चाचणीच्या सर्व्हरवर उतरवू नये, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यानंतर तर मुळीच नाही. सरळ मार्गाने जाणारा निकाल पाहून समाधान मानू नये. अंतिम अहवाल गेल्यानंतर दुरुस्त झालेला निकाल, रद्द केलेली मागणी, गुठळी झाल्याने नाकारलेले सॅम्पल, ‘५ पेक्षा कमी’ असा आकड्यासोबत चिन्ह असलेला निकाल, तीन दिवसांनी पूर्ण होणारा कल्चर अहवाल, देवनागरीत लिहिलेले नाव, या प्रत्येकाची चाचणी घ्यावी. दुरुस्त निकाल आल्यावर जुना मिटतो, शेजारी दिसतो की दोन्ही समान महत्त्वाने दिसतात, हे वॉर्डातील पडद्यावर डॉक्टरांनी स्वतः पाहिले पाहिजे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकानुसार निकाल संगणकातून अचूक पोहोचतात याची पडताळणी ठेवावीच लागते. तेव्हा या चाचण्यांच्या नोंदी तारखेसह आणि सहीसह जपाव्यात. जोडणी सुरू झाल्यावरही काही आठवडे रोज सकाळी आदल्या दिवसाच्या मागण्या आणि आलेले निकाल यांची संख्या ताडून पाहावी आणि फरकाचा छडा त्याच दिवशी लावावा.

पुढची पावले

प्रतिमांच्या बाबतीत डायकॉम हे मानक चालते आणि तिथला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे मोडॅलिटी वर्कलिस्ट, जिच्यामुळे सीटी किंवा सोनोग्राफीच्या यंत्रावर रुग्णाचे नाव टाइप करावे लागत नाही. मागणी, प्रतिमा आणि अहवाल यांना एकत्र बांधणारा ॲक्सेशन क्रमांक कोणती प्रणाली तयार करणार, हे मालकीच्या तक्त्यात लिहावे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्य नोंदी देशभर जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेशी जोडणी त्यानंतर घ्यावी. २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झालेल्या या योजनेत १४ अंकी आभा क्रमांक (व्यक्तीचा आरोग्य ओळख क्रमांक), रुग्णाची संमती आणि एफएचआयआर आर४ या एचएल सेव्हनच्याच नव्या मानकाच्या स्वरूपातील नोंदी हे तीन मुख्य घटक आहेत. सँडबॉक्समधील, म्हणजे योजनेच्या चाचणी-व्यवस्थेतील, पहिल्या टप्प्यात आभा तयार करणे आणि पडताळणे, दुसऱ्यात आपल्या नोंदी रुग्णाच्या खात्याशी जोडून संमतीने देणे आणि तिसऱ्यात इतरांच्या नोंदी संमतीने मागवणे येते. आभा ऐच्छिक असल्याने तो रुग्णालयाच्या नोंदणी क्रमांकाची जागा घेऊ शकत नाही. तो जोडीचा ओळख क्रमांक म्हणून ठेवावा. अहवालाची केवळ पीडीएफ प्रत पाठवूनही भागते, पण मग कळव्याहून वाशीला गेलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन तिथल्या डॉक्टरांना मागील आकड्यांशेजारी पाहता येत नाही. लॉइंक संकेतांक आणि एकक आधीच नीट भरलेले असतील, तर आकड्यांसह नोंद पाठवण्याचे काम फार वाढत नाही.

शेवटी प्रयोगशाळेशी एक लेखी नियम करून घ्यावा. नवे यंत्र, चाचणीची नवी पद्धत, बदललेली संदर्भ मर्यादा किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची ठरवलेली चाचणी, यांपैकी काहीही प्रत्यक्षात येण्यापूर्वी आयटी विभागाला कळवले जावे, आणि संबंधित चाचणीचा एक नमुना निकाल वॉर्डातील पडद्यापर्यंत पोहोचलेला पाहिल्यावरच प्रयोगशाळाप्रमुखांनी त्या बदलाला मंजुरी द्यावी.