खाद्य सांडतंय? आधी भांड्याची उंची बघा

कोंबड्यांचं खाद्य पोटात जाण्याआधीच लिटरवर (शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या भुशावर) सांडतं आणि विष्ठेत मिसळलं की वायाच जातं.

१. खाद्यभांडं दोरीने टांगा. काठ उभ्या कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवा. भांडं खाली असलं की पक्षी आवडते दाणे निवडत बाकीचं चोचीने बाहेर उडवतात.
२. भांड्याची ताटली एक-तृतीयांशच भरा. काठोकाठ भरण्याची सवय फार महाग पडते.
३. पिल्लं वाढतील तशी दोरी दर आठवड्याला वर घ्या.

तळाचा चुरा फेकू नका, जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यातच उतरतात. थोड्या पाण्यात कालवून द्या, पण तासा-दोन तासांत संपेल इतकंच. बुरशी आलेलं खाद्य वाळवूनही देऊ नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही.