राजमा गार वाढायचा: फोंड्याच्या घरात तुर्की मेझे

रविवारी घरची सगळी जमणार असतील तर मेझे शनिवारीच करून ठेवा. लहान लहान वाट्यांत बरेच पदार्थ मधोमध मांडायचे आणि गप्पा मारत सावकाश खायचे, हा तुर्की मेझेचा थाट. त्यातला माझा लाडका पदार्थ बार्बुन्या पिलाकी, म्हणजे ऑलिव्ह तेलातला गार राजमा. गार म्हटल्यावर आमच्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते, पण हा रात्रभर मुरल्याशिवाय लागतच नाही.

बार्बुन्याच्या दाण्यावर लालसर नक्षी असते; आपला चित्रा राजमा त्याच्या जवळचा. अळसांदे, म्हणजे आपली मोठी चवळी, घरात असतात म्हणून ते घेऊ नका, त्यांची चव निराळी.

पाव किलो राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका, नव्या पाण्यात कुकरला लावा. एक शिट्टी झाली की आच बारीक करून दहा-बारा मिनिटं. दाणा बोटांत सहज चुरडला पाहिजे, साल मात्र शाबूत हवी. कच्चट राहिला तर पुन्हा लावा, अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो. टोमॅटो कुकरमध्ये घालू नका. आंबटाने दाणा निबर राहतो.

पातेल्यात अर्धी वाटी ऑलिव्ह तेल घ्या. हात आखडू नका, हे तेल फोडणीपुरतं नाही, तोच रस्सा आहे. खोबरेल इथे चालणार नाही, फ्रीजमध्ये त्याचा दगड होतो. दोन कांदे मंद आचेवर मऊ करा, लाल नाही. मग पाचसहा लसूण पाकळ्या, दोन गाजरांच्या चकत्या, एका बटाट्याच्या फोडी, दोन टोमॅटो किसून, मीठ, चमचाभर साखर. भाज्या अर्ध्या शिजल्या की राजमा आणि त्याचंच थोडं पाणी घालून वीसेक मिनिटं झाकून ठेवा. हळद, जिरं, खोबरं काही नको! झाकण न काढता गार होऊ द्या. वाढताना लिंबू आणि पार्सली. कोथिंबीर घातलीत तर वाईट लागत नाही, पण पदार्थ आपल्याकडे झुकतो.

जोडीला पियाझ करा: शिजवलेला पांढरा राजमा, मिठाने चोळलेला कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल, उकडलेलं अंडं. वर सुमाक नावाची आंबट लाल पूड भुरभुरतात. मी वाळल्या आमसुलांची पूड घालते. तुर्कस्तानातल्या अंताल्या शहराच्या पियाझमध्ये ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, असते. पांढरे तीळ हलके भाजून तेलात गुळगुळीत वाटा, लसूण, लिंबू आणि आपलं माडाचं व्हिनेगर घालून सैल करा. मुलं हाच आधी संपवतात.

कुरू फासुल्ये, म्हणजे पांढऱ्या राजम्याची टोमॅटोतली गरम आमटी, मेझेत धरू नका. ती भात आणि लोणच्याबरोबर जेवणाची.

आता वाढण्याचं. आमच्याकडे उष्ट्याची अडचण आधी निघते, म्हणून प्रत्येक वाडग्यात वेगळा चमचा आणि समोर ज्याची त्याची ताटली. एवढं केलं की सासूबाईही हात पुढे करतात. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, जास्तीचे पोय (गोव्याचे पाव) घेऊन ठेवा, ऑलिव्ह तेलाचा रस्सा त्यानेच टिपायचा. तिकडे मोठी माणसं राकी ही बडीशेपेच्या स्वादाची दारू घेतात. आमचे दीर उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, काढतात, बाकीच्यांना कोकम सरबत.

उरलंच तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, म्हणजे गोठलेलं तेल सुटतं. गरम मात्र करू नका.