एआयमध्ये दुसऱ्यांची माहिती पेस्ट करण्याआधी : बडोद्याच्या रिसर्चवाल्यांसाठी

एम. एस. युनिव्हर्सिटीत सध्या ज्याला विचाराल तो एआय वापरतोय, पीएचडीवाले चॅप्टरचं इंग्लिश सुधारून घेतात, सर-मॅडम मार्कांच्या एक्सेलचे फॉर्म्युले विचारतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. स्वतःचं लिखाण टाकायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण मुलाखती, मार्कशीट, पेशंटचे केस पेपर ही माहिती आपल्यावर भरवसा ठेवून दुसऱ्यांनी दिलेली असते, ती परस्पर एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायचा हक्क आपल्याला नाही.

सेटिंगचं आधी उरकून घेऊ. चॅटजीपीटीत सेटिंग्ज, मग डेटा कंट्रोल्स, तिथे 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' बंद करा, म्हणजे तुमची चॅट त्यांच्या मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंगला) वापरली जात नाहीत. ते बंद केल्यानंतरच्या चॅटना लागू होतं, आधीच्या नाही. आणि उत्तराखालचा अंगठा दाबू नका, कारण फीडबॅक दिला की सेटिंग बंद असूनही ते चॅट ट्रेनिंगला जाऊ शकतं. टेम्पररी चॅट हिस्टरीत दिसत नाही पण कंपनीकडे ३० दिवसांपर्यंत राहू शकतं. म्हणजे सेटिंग करायचंच, पण त्याच्या भरवशावर काही टाकायचं नाही.

खरं काम मुलाखतींचं आहे. समजा तुम्ही बडोद्यातल्या जुन्या मराठी कुटुंबांवर काम करताय आणि ट्रान्सक्रिप्टमधून नाव काढलंत, पण आत राहिलं की बाई दांडिया बाजारात राहतात, आजेसासरे संस्थानात नोकरीला होते, स्वतः शाळेत संगीत शिकवायच्या, मुलगा कॅनडात. आपल्या लोकांत कोणीही दोन मिनिटांत सांगेल कोण त्या! अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी २००० साली दाखवलं होतं की नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यावरून तिथले ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात, मग आपला मराठी समाज तर केवढासा.

म्हणून नावाच्या जागी मु१, मु२ असे कोड द्या, कोणता कोड कोणाचा ती यादी वेगळ्या फाइलमध्ये पासवर्ड लावून ठेवा आणि ती कुठेच अपलोड करू नका. वय ७३ असेल तर 'सत्तरीच्या पुढे', एरियाऐवजी 'जुनं शहर', आणि अख्ख्या गावात एकाच माणसाला लागू पडेल अशी गोष्ट असेल तर ती सरळ गाळा. मराठीत फाइंड-रिप्लेसवर अजिबात विसंबू नका, 'देशपांडे' शोधलंत तर 'देशपांड्यांकडे' सापडत नाही, 'रावपुरा' शोधलंत तर 'रावपुऱ्यात' तसंच राहतं. 'देशपां', 'रावपु' एवढंच शोधा, घरातली लाडाची नावं आणि इंग्लिश स्पेलिंगही बघा, आणि शेवटी एकदा स्वतः पूर्ण वाचा. हे काम एआयलाच सांगतात काही जण, की यातली नावं काढून दे. अहो पण तेव्हा ती तिकडे पोचलेलीच असतात ना.

फाइल अपलोड करण्यापेक्षा साफ केलेला मजकूर तेवढाच पेस्ट करा, वर्डच्या फाइलमध्ये जुन्या कॉमेंट, लेखकाचं नाव असं बरंच दडलेलं असतं आणि पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होतो. एक्सेलचा फॉर्म्युला हवाय? तेच कॉलम ठेवून पाच खोट्या ओळी बनवा आणि त्या टाका, उत्तर तेच येतं.

ऑडिओचं म्हणाल तर आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून लिहून देणारं फुकट मॉडेल लॅपटॉपवरच चालतं, नेट बंद ठेवूनही, त्यातलं मोठं मॉडेल घ्या, मराठी हाताने दुरुस्त करावं लागेल पण रेकॉर्डिंग घराबाहेर जात नाही.

दुसऱ्याचा पेपर किंवा थीसिस तपासायला आला असेल तर तो टाकायचाच नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने जून २०२३ मध्येच निधीचे अर्ज तपासणाऱ्या रिव्ह्यूअरना ते अर्ज असे एआयमध्ये टाकायला बंदी केली. परीक्षा व्हायच्या आधीचा पेपर, पेटंट फाइल न केलेलं काम, कोडमधले पासवर्ड, हेही त्यातच.

नवीन काम सुरू करताय तर संमतीपत्रातच लिहा की एआय टूल वापरणार, कोणतं, कशासाठी, आणि समोरच्याला मराठीत वाचून दाखवा. जुन्या मुलाखती असतील तर परत विचारा, फोनवर सुद्धा चालेल पण नोंद ठेवा. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात रिसर्चला सवलत आहे, पण अटींसकट, त्यामुळे एथिक्स कमिटीला आधी विचारून घ्या.

आणि चुकून टाकलं गेलंच असेल तर चॅट डिलीट करा, त्या चॅटची लिंक कोणाला शेअर केली असेल तर ती आधी काढा, २०२५ मध्ये अशा शेअर केलेल्या लिंक गुगलवर दिसायला लागल्या होत्या. मग काय टाकलं, कधी, कुठे ते लिहून त्याच दिवशी गाईडना सांगा, ज्यांची माहिती गेली त्यांना कळवायचं कसं ते गाईडसोबत बसून ठरवा.