मृगाआधी वालाच्या वेलाची तयारी

दरवर्षी आश्विनात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. जूनमध्ये लावलेला वालाचा वेल गॅलरीच्या छताला टेकलाय, पानं हिरवीगार आहेत, पण फूल म्हणून दिसत नाही. उपटून टाकू आणि मेथी पेरू का? मी दरवेळी एकच सांगते, दिवाळी होऊ द्या. वेलाचा गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. मुंबईत जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी मोठी झाली की पानांना ते कळतं आणि मग पानांच्या बगलेतून तुरे निघायला लागतात. ज्या आठवड्यात माणसं कंटाळून वेल उपटतात, त्याच्या पुढच्या महिन्यात तो फुलणार असतो. म्हणून ही यादी मी बियाण्यापासून सुरू करत नाही, कॅलेंडरपासून करते.

आधी कॅलेंडरवर दोन खुणा करा. पहिली ७ जूनच्या आसपास, मृग लागतो तिथे. अंगण असेल, मांडव घालायला जागा असेल, तर मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर वाल टोका. पुढे चार महिने तो फक्त वाढेल आणि मांडव भरून टाकेल. दुसरी खूण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हीच जास्त सोयीची. उशिरा लावलेला वेल आटोपशीर राहतो, पण फुलतो साधारण त्याच सुमाराला. गॅलरी पाच फुटांची असेल तर जूनमध्ये लावून चार महिने कात्री चालवण्यापेक्षा हे बरं. आणि वाट बघणं जमणारच नसेल, तर झुडपासारखा वाढणारा वाल घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे वाण दिवसाच्या लांबीवर अडून बसत नाहीत. त्यांना मांडवही लागत नाही.

आता बी. इथे नावांचा घोळ आहे, तो दुकानात जाण्याआधीच मिटवून घ्या. घेवडा म्हणून मागितलं तर कुठे फरसबीचं पाकीट हातात पडतं, कुठे वालपापडीचं. कुणी पावटा म्हणतं, कुणी वाल. पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका, दाणा तळहातावर घेऊन बघा. वालाच्या दाण्याच्या कडेला पांढरी, जाडसर कोर असते, नखाने चाचपली तर उंचवटा लागतो. फरसबीच्या दाण्याला ती नसते. आतल्या वळणावर मधोमध एक बारीक डोळा असतो, तेवढाच. वाणसामानातले कडवे वाल पेरले तरी उगवतात, पण रायगडात ते भात कापून झाल्यावर शेतातल्या ओलीवर घेतात. पावसाळ्यात कुंडीत लावून त्यांच्याकडून मांडवभर वेलाची अपेक्षा धरू नका. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे ते पट्ट्यापट्ट्यांचे दाणे बघून कुणालाही लावायचा मोह होईल, मलाही झाला होता. पण तो सातारकडच्या हवेतला राजमा आहे. ठाण्याच्या उकाड्यात माझ्या वेलाची फुलं गळून गेली. फरसबीही त्याच कुळातली. ती लावायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, उन्हाळ्यासाठी चवळी आणि गवार ठेवा.

बी घरात आलं की पेरण्याच्या आठवडाभर आधी त्याची परीक्षा घ्या. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधायचे, उसळीला मोड आणतो तसे. चार दिवसांत सात-आठांना मोड आले तर बी चांगलं. पाचच आले तर एका खड्ड्यात दोनाऐवजी तीन-चार दाणे टाका. दोन-तीनच आले तर ते बी सोडून द्या, हंगाम वाया जाईल. मी एका वर्षी पाकिटावरची तारीख न बघता पेरलं. पंधरा दिवस रोज माती उकरून बघत होते. खाली सगळे दाणे कुजून मऊ झाले होते. तोवर जुलै निम्मा सरला होता.

जागा ठरवताना बहुतेकांची गफलत होते, कारण ते मे-जूनचं ऊन बघून कुंडी ठेवतात. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या जरासा उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीतही तेव्हा ऊन येतं. वाल फुलतो थंडीत, आणि तेव्हा सूर्य चांगलाच दक्षिणेला कललेला असतो. जूनमध्ये उन्हात असलेली उत्तरेची गॅलरी डिसेंबरात दिवसभर सावलीत जाते. वेल दक्षिणेच्या कठड्याला लावा, नाहीतर पूर्व किंवा पश्चिमेच्या अशा कोपऱ्याला, जिथे थंडीतही पाच-सहा तास ऊन मिळेल. गेल्या डिसेंबरात ऊन कुठवर येत होतं ते आठवत नसेल, तर तिथे कपडे वाळत घालणाऱ्या माणसाला विचारा. घरात ते सगळ्यांत पक्कं त्यालाच ठाऊक असतं.

कुंडी मोठी हवी. वेलाच्या वालाला २० लिटरची रंगाची बादली किंवा १५ बाय १५ इंचांची ग्रो बॅग, एका बादलीत दोनच वेल. झुडपी वाणाला बारा इंची कुंडी चालते. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा, त्यांवर खापरीचे तुकडे किंवा नारळाची किशी ठेवा. ओली भरलेली बादली २५ किलोंच्या पुढे जाते, तेव्हा जागा आधी पक्की करा, माती नंतर भरा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस, आणि मूठभर निंबोळी पेंड. एवढं पुरे.

आता खताचं बोलते, कारण मला सगळ्यांत जास्त कळकळ याची आहे. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. दीडेक महिन्याचं एखादं जास्तीचं रोप काढाल तेव्हा मूळ पाण्यात हळूच धुऊन बघा. मोहरीच्या दाण्याएवढ्या, थोड्या मोठ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर समजा, आत काम चालू आहे. असं झाड असताना वरून युरियाचे दाणे टाकले की झाड गाठी वाढवायचं सोडतं आणि सगळा जोर पानांत जातो. माझ्या पहिल्या वेलाला मी मायेने दर पंधरा दिवसांनी युरिया घातला. तळहाताएवढी पानं, गर्द हिरवी, आणि जानेवारी उजाडला तरी तुरे चारच. आईने रोह्याहून येऊन बघितलं आणि म्हणाली, “अगं, तू पाल्याचं झाड वाढवलंस.” तेव्हापासून माझ्या यादीत युरिया नाही. दुकानात रायझोबियमचं, म्हणजे याच गाठींतल्या जिवाणूंचं, पाकीट मिळालं तर गुळाच्या घट्ट पाण्यात कालवून दाण्यांना हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. फुलं यायच्या सुमाराला दोन मुठी गांडूळखत आणि थोडी चुलीची राख, बस.

पेरणीच्या दिवशी दाणे चार-पाच तास भिजवा, रात्रभर नको. फार वेळ पाण्यात राहिलेला दाणा फुगून चिरतो आणि मातीत कुजतो. बोटाची दोन पेरं खोल जाईल असा खड्डा करा, त्यात दोन दाणे, वर भुसभुशीत माती, मग झारीने पाणी. वाफ्यात किंवा ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवायचा विचार करू नका, वालाची मुळं दुखावली की तो पंधरा दिवस रुसून बसतो. पाच ते सात दिवसांत माती तडकते आणि एक वाकलेली मान वर येते, डोकं अजून मातीतच. अशा वेळी मदत करायला म्हणून ती ओढू नका. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन सरळ होते, दोन जाड डाळी उघडतात, आणि मधून समोरासमोर दोन साधी पानं निघतात, बदामाच्या आकाराची. त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पानांचं. पहिलं त्रिदळ नीट उघडलं की खड्ड्यातलं जोमदार रोप ठेवून दुसरं कात्रीने मातीलगत कापा. उपटलंत तर शेजारच्याची मुळंही हलतात. या दिवसांत कबुतरं आणि गोगलगायी कोवळे कोंभ खातात. रोप वीतभर होईपर्यंत वर जुनी जाळी किंवा उपडी टोपली ठेवा.

आधाराची तयारी पेरणीआधीच झालेली असावी. वेल हातभर झाला आणि आधार नाही, तर तो शेजारच्या तुळशीला किंवा एसीच्या पाइपला धरतो आणि सोडवताना शेंडा मोडतो. एक गोष्ट लक्षात घ्या. काकडी, कारलं, दोडका यांना ताणे असतात, ते आडव्या जाळीला धरून चढतात. वालाला ताणे नसतात. त्याचं खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जातं. म्हणून त्याला उभी दोरी हवी, आणि ती खरखरीत. काथ्याची किंवा जाड सुतळी सगळ्यांत छान, बोटाएवढ्या जाडीचा बांबूही चालतो. गुळगुळीत नायलॉनवरून आणि जाड पाइपवरून तो घसरतो. दोरी वरच्या ग्रिलला बांधा, खालचं टोक कुंडीत खुंटीला. शेंडा सापडला की दोरीला टेकवून द्या, पण आपल्या मनाने उलट्या बाजूने गुंडाळू नका. प्रत्येक वेलाची वळायची दिशा ठरलेली असते. उलटा फिरवलात तर रात्रीत सुटून लोंबतो. छताशी पोचला की शेंडा खुडा, बाजूचे फाटे फुटतात आणि तुरे त्यांवरही येतात.

पाणी पावसाळ्यात जवळजवळ नकोच, उलट भोकं बुजलेली नाहीत ना ते बघा. पाऊस थांबला की खरी गरज. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या. फुलं आणि कोवळ्या शेंगा असताना कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली तरी सकाळी खाली फुलांचा सडा असतो. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, आणि पानं ओली असताना वेलात हात घालू नका. तांबेरा आणि पानांवरचे डाग तसेच एका पानावरून दुसऱ्यावर जातात. कुंडीत वाळक्या पाल्याचा दोन बोटं थर दिलात तर डिसेंबरात एका दिवसाआड पाणी पुरतं.

किडीसाठी फार बाटल्या नकोत. निंबोळी तेल, थोडा पातळ साबण आणि एक फवारणीची बाटली घरात असू द्या. थंडी सुरू झाली की कोवळ्या शेंड्यांवर आणि तुऱ्यांवर काळा मावा बसतो. मावा दिसण्याआधी मुंग्या दिसतात, वेलावर खालून वर त्यांची रांग लागली की शेंडे उलटून बघा. मावा अंगातून गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. सुरुवातीला बोटांनी चिरडून पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब, तेही संध्याकाळी, कारण सकाळी फुलांवर भुंगे आणि मधमाश्या असतात. जुन्या पद्धतीने सकाळच्या दवावर चाळलेली राख धुरळली तरी मावा कमी होतो. लाल-काळ्या ठिपक्यांचे लेडीबर्ड किडे दिसले तर दोन दिवस काही फवारू नका, ते आणि त्यांच्या अळ्या मावाच खातात. फुलं एकमेकांना जाळ्याने चिकटलेली दिसली तर आत अळी असते, तो झुपका तोडून टाका. शेंगेला गोल भोक असेल तर ती शेंगही. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे येऊन रोप खुरटलं तर त्यावर औषध नाही. ते मुळासकट काढा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

तोडणीला सुरुवात झाली की थांबू नका. तुरा खालून वर उमलत जातो. खाली शेंगा धरलेल्या असतात तेव्हा वर कळ्या असतात, म्हणून शेंग देठाशी चिमटीने खुडा, तुरा ओढू नका. भाजीसाठी शेंग दाणे फुगायच्या आत घ्या, दर तीन-चार दिवसांनी. वेलावर शेंगा जून होत राहिल्या की नवी फुलं कमी येतात. दोन वेलांवर चार माणसांची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, होणार नाही, तेवढ्या शेंगा लागल्या तर गावाहूनच आणाव्या लागतील. पण आठवड्याला एक भाजी नक्की होते. मुलं वेलाखाली खेळत असतील तर त्यांना सांगून ठेवा, वाल असो की राजमा, दाणे कच्चे खायचे नाहीत. सुके दाणे भिजवून, ते पाणी टाकून, चांगले उकळून शिजवायचे.

फेब्रुवारीत पहिल्या बहरातल्या सगळ्यांत निरोगी वेलावरच्या दहा-बारा लांब शेंगांना रंगीत दोरा बांधा. त्या खुडायच्या नाहीत हे घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर त्या आमटीत जातात. वेलावरच वाळून खुळखुळायला लागल्या की काढा, दोन दिवस ऊन द्या, फोडून किडका दाणा वेगळा करा. कोरड्या काचेच्या बाटलीत चाळलेल्या राखेत घोळून किंवा एरंडेलाचा हात पुसून भरा, नाहीतर पावसाळ्यापर्यंत भुंगे दाण्यांची चाळण करतात. वेल काढताना मातीलगत कापा, मुळं कुंडीतच राहू द्या. एप्रिलमध्ये त्याच मातीत थोडं शेणखत मिसळून वांगी किंवा मिरची लावा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: वाणाचं नाव, कुणाकडून आणला, कधी पेरला, पहिलं फूल कधी दिसलं. माझ्या बाटलीवर लिहिलंय, ‘रोहा, आईच्या मांडवावरचा, जांभळं फूल, पेरणी २८ ऑगस्ट, पहिला तुरा ९ नोव्हेंबर.’