दिनविशेष कसा तयार करावा : तारीख पडताळण्यापासून ओळ लिहिण्यापर्यंत

दिनविशेष चार-पाच ओळींचा असतो, म्हणून तो बहुतेक वेळा आदल्या रात्री घाईघाईने उरकला जातो. पण वाचणारा त्यातली तारीख खरी धरून चालतो, वहीत उतरवून घेतो, पुढे दहा जणांना सांगतो. त्यामुळे मजकूर लिहिण्यापेक्षा तारीख तपासण्याला जास्त वेळ द्यावा.

पाने आखून ठेवा

वर्षाची ३६६ पाने करा. २९ फेब्रुवारीचे पान हमखास राहून जाते. प्रत्येक नोंदीपुढे वर्ष, घटना, ठिकाण, कोणत्या दिनदर्शिकेतली तारीख आणि माहिती कुठून घेतली, असे पाच रकाने हवेत. एका दिवसासाठी दहा-बारा नोंदी जमवा, त्यातल्या चार-पाचच द्या. काम निदान आठवडाभर आधी सुरू करा, कारण एखादी तारीख अडली की तिच्यातच दोन दिवस जातात.

नोंद दोन स्वतंत्र ठिकाणी सापडली पाहिजे. दोन्हीकडे वाक्यरचना तीच असेल, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच असेल, तर ते एकच ठिकाण समजावे. एकाने दुसऱ्यावरून उतरवून घेतले आहे.

त्या दिवशी नेमके काय झाले?

सर्वाधिक चुका क्रियापदात होतात. टेलिफोनचेच बघा. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या वतीने पेटंटचा अर्ज दाखल झाला, ७ मार्चला पेटंट मिळाले आणि १० मार्चला त्यांनी तारेवरून आपले सहायक वॉटसन यांना पहिल्यांदा हाक मारली. ‘टेलिफोनचा शोध लागला’ हे वाक्य या तिन्ही तारखांना छापलेले आढळते आणि तिन्ही ठिकाणी ते मोघम ठरते. ‘अर्ज केला’, ‘पेटंट मिळाले’, ‘पहिले बोलणे झाले’ असे लिहिले की वाद मिटतो.

असेच इतरत्र. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, पूर्णपणे अमलात आली २६ जानेवारी १९५० रोजी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला, जाहीरनामा ४ जुलैला स्वीकारला गेला आणि बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला. प्लूटो १८ फेब्रुवारी १९३० रोजी सापडला, जगाला कळला १३ मार्चला. एव्हरेस्टवर माणूस पोहोचला २९ मे १९५३ रोजी; लंडनच्या वर्तमानपत्रात बातमी आली २ जूनला. जुन्या अंकावरून तारीख घेताना घटनेची तारीख आणि बातमीची तारीख यांची गल्लत अशीच होते.

तारीख कोणत्या दिनदर्शिकेतली?

जुन्या घटनांच्या बाबतीत ही पायरी टाळूच नये. ज्युलियन या जुन्या दिनदर्शिकेत साचलेली चूक काढण्यासाठी इटली, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मोजला गेला; ही नवी, ग्रेगोरियन दिनदर्शिकाच आपण आज वापरतो. ब्रिटनने हा बदल थेट १७५२ मध्ये केला : २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात एकाच दिवसाला दोन देशांत दोन तारखा होत्या. म्हणून रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या दिनदर्शिकेत ७ नोव्हेंबर १९१७ ला येते. तिथे तेव्हा २५ ऑक्टोबर होता.

फरक काढण्यासाठी एवढे लक्षात ठेवा : १५८२ पासून फेब्रुवारी १७०० संपेपर्यंत १० दिवस, त्यानंतर फेब्रुवारी १८०० संपेपर्यंत ११, फेब्रुवारी १९०० संपेपर्यंत १२ आणि तिथून पुढे १३. ज्युलियन तारखेत एवढे दिवस मिळवले की ग्रेगोरियन तारीख येते.

हे न पाहिल्याने जन्मलेल्या गमती पुष्कळ आहेत. ‘गॅलिलिओ गेले त्याच वर्षी न्यूटन जन्मले’ हे वाक्य सर्रास दिसते. गॅलिलिओंच्या मृत्यूची तारीख, ८ जानेवारी १६४२, ग्रेगोरियन आहे. न्यूटन यांचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्मदिवस इंग्लंडच्या ज्युलियनमधला. एकाच मापाने मोजले तर न्यूटन जन्मले ४ जानेवारी १६४३ रोजी. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी गेले, हेही तसेच. शेक्सपिअर यांची तारीख ज्युलियन, म्हणजे आपल्या हिशेबाने ३ मे. सर्व्हान्टिस गेले २२ एप्रिलला. २३ ला त्यांचे दफन झाले.

इंग्लंडात १७५२ पूर्वी कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, हेही ध्यानात असू द्या. तिथल्या जुन्या कागदात जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चची तारीख दिसली तर वर्ष एकाने मागे असू शकते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा.

मूळ नोंद तिथीची असेल तर ती तिथी आणि शक टिपून ठेवा, नुसती इंग्रजी तारीख नको. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, हिजरी तारीख सूर्यास्ताला. रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक इथूनच पडतो.

वार काढून बघा

कागदपत्रात वार दिला असेल तर तारीख पडताळण्याचे हे उत्तम साधन आहे. वर्षाचे शेवटचे दोन आकडे, त्यांना ४ ने भागून आलेला पूर्ण भाग, तारीख, महिन्याचा अंक आणि शतकाचा अंक यांची बेरीज करून ७ ने भागा. जानेवारीपासून महिन्यांचे अंक क्रमाने १, ४, ४, ०, २, ५, ०, ३, ६, १, ४, ६. शतकाचा अंक सोळाशेंसाठी ६, सतराशेंसाठी ४, अठराशेंसाठी २, एकोणीसशेंसाठी ० आणि दोन हजारांसाठी ६. बाकी १ आली तर रविवार, २ तर सोमवार, असे करत ६ ला शुक्रवार. ० म्हणजे शनिवार. लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत बेरजेतून १ वजा करावा.

१५ ऑगस्ट १९४७ घ्या : ४७ + ११ + १५ + ३ + ० = ७६. सातने भागून बाकी ६, शुक्रवार. बरोबर.

रीत फक्त ग्रेगोरियन तारखेला लागू पडते, आणि त्याचाच उपयोग करून घेता येतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख तशीच टाकली तर बुधवार येतो, पण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस शनिवार होता. ही रूढ तारीख ज्युलियन आहे; १० दिवस मिळवून १६ जून टाकला की ७४ + १८ + १६ + ५ + ६ = ११९, बाकी ०, शनिवार. रूढ झालेली तारीख दिनविशेषात बदलू नये, मात्र ती कोणत्या दिनदर्शिकेतली हे रकान्यात लिहून ठेवावे.

घड्याळ कुठले?

अपोलो ११ हे यान चंद्रावर उतरले तेव्हा जागतिक वेळ २० जुलै १९६९, रात्रीचे ८.१७ होती, भारतात २१ जुलैच्या पहाटेचे १.४७ झाले होते. आर्मस्ट्राँग यांचे पाऊल पडले तेव्हा अमेरिकेत २० जुलैची रात्र आणि भारतात २१ जुलैचे सकाळचे ८.२६. युरोपात दुसरे महायुद्ध संपल्याचा दिवस पश्चिमेकडे ८ मे आणि रशियात ९ मे, कारण शरणागती ८ मेच्या रात्री ११.०१ ला लागू झाली आणि मॉस्कोत तोवर मध्यरात्र उलटली होती. घटना जिथे घडली तिथली तारीख धरावी. चंद्रासारख्या ठिकाणासाठी जागतिक वेळ धरून तसे लिहावे.

ओळ लिहिताना

‘१९०३ : पहिले विमान उडाले’ ही ओळ अपुरी आहे. फुग्यातून माणसे १७८३ मध्येच उडाली होती, ग्लायडरही आधीचे. १७ डिसेंबरच्या पानावर अशी ओळ हवी : ‘१९०३ : अमेरिकेत किटी हॉकजवळ ऑर्व्हिल राइट इंजिनावर चालणाऱ्या, हवेपेक्षा जड विमानातून १२ सेकंदांत १२० फूट गेले. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणात विल्बर राइट ५९ सेकंद हवेत होते.’ ‘पहिला’ शब्द आला की कशात पहिला, हे त्याच वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर तो शब्द काढा. एक आकडा आणि एक ठिकाण असले की ओळ वाचणाऱ्याच्या लक्षात राहते.

वर्षांची वजाबाकी करताना इसवी सनात शून्य वर्ष नाही, हे विसरू नका. रोमच्या ज्युलियस सीझरचा खून १५ मार्च इ.स.पू. ४४ चा, त्याला २००० वर्षे पूर्ण झाली १९५७ मध्ये, १९५६ मध्ये नव्हे.

एवढे करूनही चूक निघालीच, तर ज्या जागी ती छापली गेली तिथेच दुरुस्ती द्या आणि तिच्यात जुनी व नवी अशा दोन्ही तारखा लिहा. चुकीची नोंद पानावरून खोडू नका. शेजारी कारण लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पान भरणारा तीच तारीख पुन्हा घेईल.